वचन आणि पुंजी

मनुष्यानें आपल्या म्हातारपणाची तरतूद वेळींच करून ठेवावी, याविषयीं दोन मतें नाहींत. ती तरतूद कोणाच्या हातीं सोंपवावी, याविषयीं मात्र जितकीं घरें तितकीं मतें दिसतात. आणि गंमत अशी कीं, हीं सर्व मतें हिशेबाच्या भाषेंत मांडलीं जातात. अमुक टक्के, अमुक वर्षें, अमुक व्याज. जणूं काय हा प्रश्न त्रैराशिकाचा आहे, आणि ज्याचा गुणाकार चांगला त्याचें उत्तरहि चांगलें! आम्हीहि पुष्कळ दिवस याच समजुतींत होतों. ती समजूत शेजारच्या घरांत एका संध्याकाळीं ढिली झाली. त्या संध्याकाळची हकीकत, आणि तिच्यामुळें पुढें मनांत घोळत राहिलेले कांहीं विचार, वाचकांपुढें ठेवावे असें योजिलें आहे.

२०२५ सालच्या उन्हाळ्यांतील गोष्ट. आमचे हे शेजारी केंद्र सरकारच्या एका कचेरींत नोकर आहेत. वय सत्तेचाळीस, नोकरी २००६ पासूनची. घरांत पत्नी आणि एकोणीस वर्षांची एकुलती एक मुलगी. मुलीची समज चार-पांच वर्षांच्या मुलाएवढीच राहिली आहे; स्वभाव गोड, पण वेणी घालावयास आणि रस्ता ओलांडावयास कोणीतरी जवळ लागतें. शेजारी आम्हांस लहानपणापासून काका म्हणत आले आहेत, आणि कागदपत्रांचें कांहीं अडलें कीं हांक मारतात. त्या संध्याकाळीं त्यांच्यापुढें एक अर्ज होता. त्या वर्षीं १ एप्रिलपासून केंद्र सरकारनें आपल्या नोकरांसाठीं एकीकृत निवृत्तिवेतन योजना सुरू केली होती, आणि जे राष्ट्रीय निवृत्तिवेतन पद्धतींत पूर्वींपासून होते त्यांनीं तेथेंच राहावें कीं इकडे यावें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें होतें. मुदत प्रथम ३० जूनची होती; पुढें ती ३० सप्टेंबरपर्यंत आणि त्यानंतर ३० नोव्हेंबरपर्यंत वाढविण्यांत आली. मुदत अशी दोनदां वाढावी, यावरूनच लोकांच्या मनाची चलबिचल दिसून येते.

दोन्ही वाटा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. पहिली वाट वचनाची. पंचवीस वर्षें नोकरी झालेल्या मनुष्यास, निवृत्तीपूर्वींच्या बारा महिन्यांतील मूळ पगाराच्या सरासरीचा निम्मा भाग तहहयात मिळेल; महागाई वाढेल तशी त्यांत भर पडेल; नोकरी निदान दहा वर्षें झाली असेल तर दरमहा १०,००० रुपयांहून कमी मिळणार नाहीं; आणि त्याच्या पश्चात् त्याच्या पत्नीस, त्याला मिळत होतें त्याच्या शेंकडा ६० मिळेल. यासाठीं नोकराच्या पगारांतून शेंकडा १० कापले जातात, आणि सरकार शेंकडा १८.५ घालतें. दुसरी वाट पुंजीची. तींत नोकराचे शेंकडा १० आणि सरकारचे शेंकडा १४ त्याच्या स्वतःच्या नांवें सांचत जातात. तो पैसा कोणत्या व्यवस्थापकाकडे द्यावा, शेअरांत किती असावा आणि रोख्यांत किती, हें ठरवितांना नोकराचाहि शब्द चालतो. निवृत्तीच्या दिवशीं जें सांचलें असेल त्यांतील शेंकडा ६० पर्यंत रोख हातीं येतें, आणि उरलेल्या निदान शेंकडा ४० चें वर्षासन विकत घ्यावें लागतें. (वर्षासन हा पेशवाईंतील शब्द आम्ही मुद्दाम योजतों. देवस्थानांस आणि विद्वानांस वर्षाकाठीं जी नेमणूक मिळे तिचें हें नांव; विमा कंपन्यांच्या कागदांत जो शब्द असतो त्यापेक्षां तो पुष्कळ बोलका आहे.) या वाटेनें अखेर किती पदरांत पडेल, याची हमी कोणी देत नाहीं. पण जें पडेल तें आपलें असतें. वचनाच्या वाटेवर तसें नाहीं: तेथें सांचलेली रक्कम सरकारच्या सामाईक निधींत मिळून जाते, आणि नवरा-बायको दोघांच्या मागें ती मुलांकडे येत नाहीं.

आम्हीं कागद-पेन्सिल घेऊन तासभर आंकडेमोड केली. महागाई किती धरावी, शेअरांची चाल किती धरावी, आयुष्य किती धरावें, सगळेंच धरून चालण्याचें काम. शेवटीं आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें सांगितलें कीं, वचन घ्यावें; पत्नीची सोय आहे, महागाईची सोय आहे, डोक्याला ताप नाहीं. शेजाऱ्यांनीं मान डोलावली. तेव्हां इतका वेळ दाराशीं उभी असलेली त्यांची पत्नी म्हणाली, “काका, आम्हां दोघांचा हिशेब झाला. आमच्या मागून हिचें काय?” मुलगी खालीं सतरंजीवर बसून रंगीत मणी ओवीत होती. आम्हीं कागदाकडे पाहिलें. सबंध कागदावर तिच्यासाठीं एकहि ओळ नव्हती.

तेव्हांपासून या विषयाकडे आम्ही निराळ्या दृष्टीनें पाहूं लागलों आहों. वचन म्हणजे काय, आणि तें कोठपर्यंत पुरतें, हें समजून घ्यावयास महाराष्ट्राला आपल्याच इतिहासाबाहेर जावयास नको. १८१८ सालीं दुसऱ्या बाजीरावानें राज्य सोडलें, आणि त्याच्या मोबदल्यांत कंपनी सरकारनें त्याला वर्षास आठ लाख रुपयांचा तनखा बांधून दिला. राजकारणाचा भाग सोडून नुसता व्यवहार म्हणून पाहिलें तर एवढें भक्कम निवृत्तिवेतन हिंदुस्थानांत फार थोड्यांस मिळालें असेल. देणारा बलाढ्य होता, आणि त्यानें दिलेला शब्द पाळलाहि: बाजीराव ब्रह्मावर्तास तेहतीस वर्षें जगला आणि तेहतीस वर्षें तनखा चालू राहिला. परंतु १८५१ सालीं तो वारला, आणि त्याच्या दत्तक पुत्रानें, नानासाहेबानें, तनखा पुढें चालविण्याची मागणी केली, तेव्हां डलहौसीच्या सरकारनें ती साफ नाकारली. तनखा बाजीरावाच्या देहाशीं बांधलेला होता. देह पडला, गांठ सुटली. पुढें काय झालें तें सर्वांस ठाऊक आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या व्यवहारांत वचन मोडलें असें कंपनीस कधींच वाटलें नसावें. तिनें फक्त वचनाची यादी वाचून दाखविली, आणि यादींत मुलाचें नांव नव्हतें.

प्रत्येक निवृत्तिवेतनास अशी एक यादी असते. देणाऱ्यानें ती केलेली असते, घेणाऱ्यानें नाहीं. आणि ही यादी जशी कोठें तरी संपते, तशीच तिच्या मागच्या तिजोरीलाहि कोठें तरी तळ असतो. जुन्या पद्धतीचें निवृत्तिवेतन, म्हणजे नोकरानें कांहीं न भरतां मिळणारा शेवटच्या पगाराचा निम्मा भाग, केंद्र सरकारनें १ जानेवारी २००४ पासून नव्यानें लागणाऱ्या नोकरांस बंद केलें (सैन्यदलें वगळून), आणि महाराष्ट्र सरकारनें १ नोव्हेंबर २००५ पासून. तें पुन्हां मिळावें म्हणून मार्च २०२३ मध्यें राज्यांतील लाखों कर्मचारी १४ तारखेपासून संपावर गेले. २० तारखेस संप मिटला. त्याच सुमारास राजस्थान, छत्तीसगड, हिमाचल प्रदेश अशा कांहीं राज्यांनीं जुनी पद्धति परत आणण्याचें ठरविलें. संपकऱ्यांचा दावा खोटा होता असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या खुर्चीवर शेजारचा सहकारी हमीनें बसतो, त्याच खुर्चीवर आपण केवळ दोन वर्षें उशिरां आलों म्हणून बिनहमीचें कां बसावें, हा प्रश्न न्यायाचाच आहे. पण न्याय मागतांना मनुष्य सहसा आपल्या वरच्या पायरीकडे पाहतो. खालच्या पायरीवर कोण उभें आहे हें पाहावयाचें राहून जातें.

त्या संध्याकाळीं आमची आंकडेमोड चालली असतां स्वयंपाकघरांत एक बाई भांडीं घासीत होत्या. चार घरचीं कामें करून त्या आपला संसार चालवितात. त्यांच्यासाठीं सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नाहीं: २०१५ सालीं अटल पेन्शन योजना निघाली, आणि तींत नेमानें पैसे भरणाऱ्यास साठीनंतर दरमहा १,००० पासून ५,००० रुपयांपर्यंतचें वचन आहे. कारखान्यांतील आणि खासगी कचेऱ्यांतील कामगारांसाठीं १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आहे. तींतील किमान निवृत्तिवेतन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये ठरविण्यांत आलें. एका योजनेंत कमीतकमी दहा हजार, दुसरींत कमीतकमी एक हजार. हा फरक कामाच्या कष्टांवरून पडलेला नाहीं, हें सांगावयास नकोच. तो देणाऱ्याच्या बळावरून पडला आहे. सरकार जेव्हां आपल्या नोकरास निम्म्या पगाराचें वचन देतें, तेव्हां तें पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या करांच्या भरंवशावर देतें. आणि त्या करांत या बाई साबणाची वडी विकत घेतांना देतात तो अंशहि आलाच. सरकारी वचन घेणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नव्या योजनेंत नोकराचाहि शेंकडा १० चा वांटा आहे, ही गोष्ट आम्हांस त्या दृष्टीनें जुन्या पद्धतीपेक्षां अधिक सरळ वाटते. पण ‘डोक्याला ताप नाहीं’ असें आम्ही ज्या ऐटींत म्हणालों, त्या ऐटीची मागाहून थोडी लाज वाटली. ताप नाहींसा होत नसतो; तो दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतो.

मग पुंजीची वाट अधिक मानाची काय? आपल्या मध्यम वर्गास तसें वाटण्याकडे ओढा आहे. आपला हात जगन्नाथ, ही म्हण आपण मुलांस फार लवकर शिकवितों. कोणाच्या यादींत नांव शोधीत बसण्यापेक्षां आपलें गाठोडें आपल्या काखेंत असावें, यांत एक खानदानी समाधान आहे खरें. तें समाधान आम्ही नाकारीत नाहीं. फक्त त्याचे पाय कशावर आहेत हें पाहूं इच्छितों. ज्या पुंजीस आपण आपली म्हणतों तिची किंमत रोज दुसरेच कोणी ठरवीत असतात. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधि, ज्याला सर्व जण पी.पी.एफ. म्हणतात, तो १९६८ सालचा. त्याच्यावर १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत शेंकडा १२ व्याज मिळे. इतकीं वर्षें एकच दर पाहून लोकांस तो सृष्टिनियम वाटूं लागला, आणि पुष्कळांनीं आपल्या उरल्या आयुष्याचीं गणितें बारांवर मांडलीं. मग दर अकरा झाला, साडेनऊ झाला, आणि उतरत उतरत एप्रिल २०२० मध्यें ७.१ वर आला. त्या माणसांनीं कोठलीहि चूक केली नव्हती. त्यांची पुंजीहि एका वचनावरच उभी होती. तें वचन बदलतां येतें, एवढेंच त्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें. आणि शेअरांत पैसा असणाऱ्यास तर तेवढेंहि वचन नसतें.

याहून मोठी अडचण मनुष्याच्या आंत आहे. आज पन्नाशीचा मनुष्य जेव्हां म्हणतो कीं ‘माझा पैसा मी सांभाळीन’, तेव्हां त्या दोन ‘मी’ एकच असतात, असें तो गृहीत धरतो. वास्तविक सांभाळावयाचें आहे तें पंचाऐंशींच्या म्हाताऱ्यास, आणि त्याची-याची अजून गांठ पडलेली नाहीं. त्या म्हाताऱ्याची नजर कशी असेल, सही कांपेल कीं नाहीं, गोड बोलणाऱ्यास तो किती भुलेल, हें याला काय ठाऊक? आम्ही स्वतः पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर आहों, म्हणून हें अनुभवानें सांगतों. मागच्या एका पावसाळ्यांत दुपारीं झोपमोड करणारा एक दूरध्वनि आला. बोलणारा तरुण फार अदबीचा होता. खातें बंद पडूं नये म्हणून नुकताच आलेला सहा अंकी क्रमांक सांगा, असें म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्यांस व्यवहारज्ञान शिकविणारे आम्ही, पण त्या दिवशीं चार अंक सांगून मोकळे झालों होतों. नात तेथें होती. तिनें हातांतला फोन ओढून घेतला नसता तर आमच्या स्वावलंबनाची कथा त्या दुपारींच संपली असती. चाळिशींतल्या आम्हांस हें कोणी भाकीत म्हणून सांगितलें असतें, तर आम्ही त्याला हंसलों असतों.

तेव्हां मनुष्य आपल्या पुढच्या म्हाताऱ्याचा मालक नसून विश्वस्त आहे, असें आम्हांस वाटूं लागलें आहे. मालकानें आपल्या पैशाचा जुगार खेळावा. विश्वस्तानें खेळूं नये. आपण फार हुशार आहों हें सिद्ध करण्यासाठीं विश्वस्तानें जोखीम उचलणें तर सर्वस्वीं गैर. आणि या म्हाताऱ्यास आणखी एका गोष्टीपासून वांचवावें लागतें, ती म्हणजे त्याचीच माया. हातीं आलेली मोठी रक्कम घरांत झांकून राहत नाहीं. मुलाच्या घराचा हप्ता असतो, जांवयाचा धंदा असतो, नातवाची परदेशांतली फी असते; कोणी मागतेंच असें नाहीं, पण नुसतें न मागतां समोर बसणें हेंहि कधीं कधीं मागण्याहून जड असतें. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ या १९७० सालच्या नाटकांत गणपतराव बेलवलकर निवृत्त होतांच आपलें सर्वस्व मुलांस वांटून मोकळे होतात. पुढची शोकांतिका मराठी वाचकास सांगावयास नको. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस येणारी रक्कम अशी एकदम वांटतां येत नाहीं, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. वर्षासन हें म्हाताऱ्याच्या औदार्यास घातलेलें कुंपण होय.

विलायतेंतील एक अलीकडचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे, आणि त्यांत एक हिंदी धागाहि आहे. वेल्समधील पोर्ट टॅलबट येथें पोलादाचा अवाढव्य कारखाना. त्याची मालक कंपनी २००७ सालीं टाटांनीं विकत घेतली. कामगारांच्या जुन्या निवृत्तिवेतन-निधीचा भार कंपनीस पेलेना, म्हणून २०१७ सालीं सभासदांस विचारण्यांत आलें: किंचित् कमी लाभाच्या नव्या योजनेंत येतां, कीं संकटांतील निधींसाठीं कायद्यानें उभारलेल्या संरक्षण-निधींत जातां? याखेरीज तिसरी एक वाट मोकळी होतीच. आपल्या हक्काचें रोख मूल्य घ्यावें, तें खासगी निवृत्तिवेतन-खात्यांत टाकावें, आणि आपलें आपण पाहावें. सुमारे ७,८०० जणांनीं ही तिसरी वाट धरली, आणि त्यांच्याबरोबर २८० कोटि पौंड बाहेर पडले. पुढें तेथील वित्तीय नियामक संस्थेनें त्या सल्ल्यांची तपासणी केली, तेव्हां शेंकडा ४६ सल्ले त्या त्या माणसास अयोग्य होते असें आढळलें. हीं माणसें मूर्ख नव्हतीं. मालकावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, मुदत जवळ आली होती, आणि आयुष्यांत कधीं न पाहिलेला मोठा आंकडा कोणीतरी कागदावर लिहून दाखविला होता. अविश्वास हा चांगला राखणदार आहे, पण वाईट सल्लागार आहे. अर्थात् तेथील कामगारांच्या अविश्वासाला आधार नव्हता असेंहि नाहीं. १९९१ सालीं वृत्तपत्रांचा मालक रॉबर्ट मॅक्सवेल मेला, आणि त्याच्या कामगारांच्या निवृत्तिवेतन-निधींतून चाळीस कोटींहून अधिक पौंड नाहींसे झाल्याचें उघडकीस आलें, ही गोष्ट इंग्लंडांत कोणी विसरलेलें नाहीं.

इतका विचार झाल्यावर सामान्य नियम म्हणून आमचा कल अजूनहि वचनाकडेच आहे. पोटापुरतें वचनांत असावें. हौसेपुरतें स्वतः सांभाळावें. विशेषतः ज्या घरांत पैशाचे सर्व व्यवहार एकटा नवरा पाहतो, आणि अशीं घरें अद्यापि फार आहेत, तेथें स्वतः सांभाळलेली पुंजी ही नवऱ्याच्या दृष्टीनें स्वातंत्र्य असली तरी बायकोच्या दृष्टीनें एक कुलूपबंद पेटी असते. किल्ली कोठें आहे हें तिला सांगावयाचें तो नेहमीं उद्यांवर टाकतो. विधवेस दरमहा आपोआप येणारे शेंकडा ६० हें त्या मानानें कमी असले तरी तिच्या हातांत पडतात. येथवर आम्ही ठाम आहों. पण ज्या प्रश्नानें हा सगळा विचार सुरू झाला त्याला हा नियम उत्तर देत नाहीं, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. त्या मुलीचें आयुष्य आई-बापांच्या आयुष्यापलीकडे तीस वर्षें लांबूं शकतें. वचन दोघांच्या देहांपर्यंत येऊन थांबतें. पुंजी थांबत नाहीं. वर्षासन घेतांना मूळ रक्कम वारसास परत मिळेल असें लिहून घेतां येतें, आणि हातीं आलेले शेंकडा ६० निराळे ठेवतां येतात. अर्थात् पैसा स्वतः वेणी घालीत नाहीं. पुंजीला राखणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचेंहि शेवटीं एक वचनच असतें. तें कोणत्या राजपत्रांत छापलेलें नसतें, एवढाच फरक. बुद्धीनें अपंग असलेल्या प्रौढांस कायदेशीर पालक नेमून देण्याची व्यवस्था १९९९ च्या कायद्यानें झाली आहे. पण कायदा पालक नेमूं शकतो, पैदा करूं शकत नाहीं.

पावसाळाभर शेजाऱ्यांकडे हा विषय निघाला नाहीं. दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “काका, तुमचा हिशेब बरोबर होता. पण अर्ज मी भरला नाहीं.” म्हणजे ते पुंजीच्या वाटेवरच राहिले. तोटा होण्याचा संभव आहे, हें त्यांस नीट समजलें होतें. त्यांनीं तें आमच्यापेक्षां बारकाईनें मांडून दाखविलें. शेअरांचा हिस्सा वयाबरोबर कमी करीत जावयाचें ठरविलें होतें. आम्हीं त्यांस परावृत्त करण्याचा प्रयत्न केला नाहीं.

जातांना त्यांनीं एक वही दाखविली. साधी, दोनशें पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. अक्षर त्यांच्या पत्नीचें होतें. गेले चार महिने ती त्यांच्याबरोबर बँकेंत जात होती, आणि कोठें काय आहे, कोणास विचारावयाचें, कोणत्या कागदाची मूळ प्रत कपाटाच्या कोणत्या खणांत आहे, हें सगळें तिनें स्वतः विचारून स्वतः लिहिलें होतें. दोन ठिकाणीं नवऱ्याची चूक काढून तिनें तांबड्या शाईनें दुरुस्त केली होती. हें सांगतांना त्यांस अभिमान वाटत असावा. वहीच्या पहिल्या पानावर मात्र पैशाविषयीं कांहीं नव्हतें. वर मुलीचें नांव, आणि खालीं, आमच्या मागून हिला कोण पाहील, असें लिहून तीन रेघा ओढल्या होत्या. दोन रेघांवर नांवें होतीं: एक मावसबहिणीचें, एक शाळेंतल्या बाईंचें. तिसरी रेघ अजून रिकामी आहे.